चौथीच्या मुलांकडून गोधडी करून घेताना चिंध्या चिकटवाव्यात की शिवाव्यात?

चौथीची वर्गशिक्षिका

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ३० मुले आहेत, वय साधारण ९ ते १० वर्षे, आणि कार्यानुभवासाठी आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका मिळतात.

गेल्या वर्षी मी मुलांकडून गोधडीचे एक भित्तिचित्र करून घेतले होते. शिंप्याकडून कातरण आणले, मुलांनी त्याचे चौकोनी तुकडे कापून पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवले आणि वरून स्केचपेनाने तुटक रेषा मारल्या, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला त्या टाक्यांसारख्या दिसाव्यात. ते भिंतीवर लावत असताना एका मुलीने विचारले, “बाई, ही गोधडी पांघरायची कशी?” तिच्या घरी आजीने शिवलेल्या गोधड्या आहेत आणि तिला खरोखरच उत्तर हवे होते. माझ्याकडे ते नव्हते. एप्रिलपर्यंत निम्म्या तुकड्यांच्या कडा सुटून वर आल्या, आणि तिचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही.

यंदा मुलांनी खऱ्या सुईदोऱ्याने, घरातल्या जुन्या कापडाचे, पांघरता येईल असे काहीतरी करावे अशी माझी इच्छा आहे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे. काही पालकांना मात्र सुयांची काळजी वाटते. मला स्वतःला शिवण बेताचीच येते. म्हणून जाणकारांना विचारते की या वयाच्या मुलांना कोणती सुई द्यावी, कोणते कापड आणायला सांगावे, तुकड्यांच्या कडा दुमडणे त्यांना जमेल का, आणि एवढ्या तासिकांत कितपत मोठे काम पूर्ण होऊ शकेल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलांच्या हाताला झेपावे म्हणून काम सोपे करत असताना त्यातून गोधडीचा गाभाच निघून जाऊ नये, यासाठी कोणती गोष्ट कधीच सोडू नये?

निवृत्त हस्तकला शिक्षक

ताई, शिवूनच घ्या. मी २२ वर्षे शाळेत हस्तकला शिकवली आणि तिसरी-चौथीच्या मुलामुलींकडून धावदोरा करून घेतला. तो या वयात जमतो, कारण त्यात लक्षात ठेवण्यासारखे फार थोडे आहे: सुई खाली, सुई वर, आणि दोन टाक्यांमधली जागा टाक्याएवढीच.

पालकांच्या काळजीचे म्हणाल, तर सुरक्षित म्हणून बोथट टोकाची सुई देण्याचा मोह टाळावा. बोथट सुई तीन थरांच्या सुती कापडातून सहज जात नाही, मूल जोर लावते, सुई अचानक सुटते आणि नेमकी खालच्या बोटात जाते. भरतकामाची, मोठ्या नेढ्याची आणि टोकदार सुई द्यावी. ती अलगद जाते म्हणून बोटे वाचतात. सुया घेताना एवढे ध्यानात ठेवावे की पाकिटावरचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक असते, म्हणून लहान आकड्याच्या घ्याव्यात. तासिकेच्या सुरुवातीला सुया मोजून द्याव्यात, शेवटी मोजून परत घ्याव्यात, आणि घंटा झाली तरी आकडा जुळल्याशिवाय कोणालाही उठू देऊ नये. एक मोठे लोहचुंबक सुतळीला बांधून जमिनीवरून फिरवले की सांडलेली सुई सापडते. हे काम मुले आळीपाळीने आणि मोठ्या जबाबदारीने करतात.

दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच घ्यावा, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर. मुलांना वाटते की लांब दोरा घेतला की पुन्हा ओवावा लागणार नाही, आणि मग सगळा वेळ गुंता सोडवण्यात जातो. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचे तीन-तीन पदर वेगळे करावेत. एका लडीत ८ मीटर दोरा असतो, म्हणजे तीन पदरी करून १६ मीटर मिळतो.

आता डिंकाविषयी. आधी डिंकाने चिकटवून मग वरून शिवू, असे अनेकांना सुचते. मीही सुरुवातीला तेच केले. डिंक वाळला की कापड पापडासारखे कडक होते आणि त्यातून सुई ओढताना मुलांच्या बोटांना वळ पडतात. त्याऐवजी मैद्याची खळ करावी. दोन चमचे मैदा एका वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत शिजवावा, गार झाल्यावर तुकड्याच्या कडेला बोटाने लावावा, कड अर्धा सेंटिमीटर आत दुमडून नखाने किंवा चमच्याच्या पाठीने दाबावी आणि वाळू द्यावी. दुमड जागेवर राहते आणि सुईही अडत नाही. काम संपल्यावर कापड पाण्यातून काढले की खळ निघून जाते. हे धुणे मात्र टाळू नये, कारण पिठाच्या वासाने झुरळे आणि कसर येते.

मापाच्या बाबतीत माझी सूचना अशी की प्रत्येक मुलाने २० सेंटिमीटरचा एक चौकोन करावा. कडेपासून १ सेंटिमीटर आत पहिली फेरी घालावी आणि पुढच्या फेऱ्या २-२ सेंटिमीटर आत घेत मध्यापर्यंत यावे. फेऱ्यांच्या बाजू १८, १४, १०, ६ आणि २ सेंटिमीटर येतात, म्हणजे एकूण शिवण बरोबर २०० सेंटिमीटर. दर सेंटिमीटरला एक टाका धरला तर प्रत्येक मुलाचे २०० टाके. सवय नसलेले मूल एका तासिकेत पहिली फेरी, म्हणजे सुमारे ७० टाके, पूर्ण करते. पुढे वेग वाढतो. शिवणाला चार आणि दुमडीला दोन अशा सहा तासिका धराव्यात. मग ५ आणि ६ च्या रांगांत चौकोन जोडले की १०० बाय १२० सेंटिमीटरचे पांघरूण तयार होईल.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. घरून जुने कापड आणा असे फक्त तोंडी सांगू नये. माझ्या वर्गातल्या एका मुलाने आईच्या लग्नातल्या साडीचा पदर हातभर कापून आणला होता. त्याला ती साडी जुनी वाटली, आणि त्याच्या हिशेबाने ती जुनीच होती. त्या माउलीसमोर उभे राहताना मला शब्द सुचले नाहीत. तेव्हापासून मी चिठ्ठी पाठवू लागलो की तुकडे पालकांनी स्वतः निवडून आणि कापून द्यावेत.

वाकळवालीची लेक

सरांनी सुई, दोरा आणि खळ यांविषयी लिहिलेले सगळे पटले. चौकोनांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे, आणि ते थोडे सविस्तर मांडते, कारण ताईंनी गाभ्याविषयी विचारले आहे.

माझे माहेर कोल्हापूरकडचे. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात आणि माझी आई गेली अनेक वर्षे गावातल्या लोकांच्या वाकळी शिवून देते. ती कधीही सुटे चौकोन शिवून नंतर जोडत नाही. आधी ती तळाचे कापड जमिनीवर अंथरते. नऊवारी लुगडे असेल तर ते सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरहून थोड्या अधिक लांबीचे चार थर मिळतात. जिथे ते विरलेले असते तिथे मधल्या थरात आणखी एखादे धोतर किंवा सदऱ्याची पाठ जाते. चिंध्या येतात त्या सगळ्यांत शेवटी, वरून. एकेका चिंधीची कड बोटाने आत घेत ती शिवत जाते, आणि चिंधी बसवणारा टाका आणि थर जोडणारा टाका हे वेगळे नसतात, तो एकच टाका असतो. ताई, माझ्या समजुतीप्रमाणे न सोडण्याची गोष्ट हीच आहे. सुई वरच्या चिंधीतून शिरून तळाच्या कापडातून बाहेर आली पाहिजे. वरचे तुकडे नुसते एकमेकांना जोडले आणि खाली एकच कापड लावले तर ती रंगीत चादर होईल. वाकळीत ऊब असते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेची, आणि थर जागेवर राहतात ते टाक्यांमुळे.

आई एका कोपऱ्यापासून सुरुवात करते, चारही कडांनी फिरते आणि चौकोनी फेऱ्या घेत मध्याकडे येते. चार-पाच टाके सुईवर घेऊन मगच दोरा ओढते. प्रत्येक ओढीआधी तिचा डावा तळवा कापडावरून कडेकडून मध्याकडे फिरतो. बांगड्या मागे सरकतात, कापडाखालची हवा आणि झोळ पुढे ढकलला जातो, आणि मगच सुई चालते. लहानपणी मला वाटायचे की ती कापडाला गोंजारते आहे. पुढे स्वतः शिवायला बसले तेव्हा कळले की तळवा फिरवला नाही तर मध्यभागी पोहोचेपर्यंत एवढा झोळ जमतो की तो उसवल्याशिवाय गत्यंतर नसते. मुलांना टाक्याच्याही आधी हा तळवा फिरवायला शिकवावे.

सुट्या चौकोनांची व्यावहारिक अडचण अशी की तीन-तीन थरांचे चौकोन जोडताना शिवणीत सहा थर येतात आणि त्या जागी दोरीसारखा उंचवटा राहतो. दुसरी गोष्ट मनाची आहे. सुट्या चौकोनात प्रत्येक मूल आपापल्या तुकड्यावर मान घालून बसते. वाकळ आमच्याकडे नेहमी दोघी-तिघी मिळून शिवतात, आईच्या समोर शेजारची काकू बसते, आणि एकीचा टाका जिथे थांबतो तिथून दुसरी पुढे नेते.

तीस मुले एका वाकळीभोवती बसू शकणार नाहीत हे उघड आहे. म्हणून असे करून पाहा. १२० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद असे पाच पट्टे करा, शिवणीसाठी चारही बाजूंनी कापड थोडे जास्त ठेवा. प्रत्येक पट्ट्याला सहा मुले द्या, तीन एका बाजूला आणि तीन समोर. प्रत्येकाला ४० सेंटिमीटर जागा मिळते, म्हणजे कोपर कोपराला लागत नाही, आणि प्रत्येकाने आपल्यासमोरची कड शिवायची असल्याने कोणाला पलीकडे हात पोहोचवावा लागत नाही. सरांच्या हिशेबाने फेऱ्या घेतल्या तर पट्ट्याभोवतीच्या पाच फेऱ्या २७२, २५६, २४०, २२४ आणि २०८ सेंटिमीटरच्या होतात. बेरीज १२००, आणि ती सहा जणांत वाटली की पुन्हा प्रत्येकी २०० च! मी हे कागदावर दोनदा मांडून पाहिले, कारण आधी माझा विश्वास बसेना. शेवटी जोडण्या फक्त चार उरतात, आणि त्या एखादी पालक मशीनवर अर्ध्या तासात करून देईल.

कापडाविषयीही एक सांगते. शिंप्याकडचे कातरण बहुतेक नव्या कापडाचे आणि सरमिसळ असते. त्यात टेरिकॉट, जॉर्जेट आणि अस्तराचे सॅटिन हमखास निघते. ते हातातून निसटते, कडेला झिरमिळ्या सुटतात आणि दुमड ठरत नाही. जरीकाठ दिसायला सुंदर असला तरी सुईला जड जातो. वापरून मऊ झालेले सुती कापडच मागवावे: साडी, धोतर, पायजमा, उशीचा अभ्रा, बाळाचे दुपटे. सुती जुने कापड कडेला छोटी चीर देऊन दोन्ही हातांनी ओढले की धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. कात्रीने कापलेल्या वाकड्या तुकड्यापेक्षा असा फाडलेला तुकडा दुमडायला कितीतरी सोपा जातो, आणि तो चर्र आवाज मुलांना एकदा ऐकू द्यावा.

लोकवस्त्रांची अभ्यासक

वरची चर्चा आवडली. भारतात जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवण्याची कला अनेक प्रांतांत आहे आणि प्रत्येक ठिकाणी तिने वेगळे रूप घेतले आहे. या वर्गाला उपयोगी पडतील एवढ्याच गोष्टी येथे लिहिते.

ताईंच्या कामाला सर्वांत जवळची आहे ती उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी. सिद्दी समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, आणि तिथल्या सिद्दींच्या बोलीत कोकणी आणि मराठीचा मोठा वाटा आहे. या स्त्रियाही कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेने मध्याकडे येतात. काम संपत आले की चारही कोपऱ्यांवर रंगीत कापडाच्या छोट्या घड्या शिवतात आणि त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी-बोडकी दिसते अशी त्यांची भावना असते. चौकोनी तुकडा दोनदा दुमडून त्रिकोण केला की असे फूल तयार होते. शिवणात मागे राहिलेल्या मुलाकडे जर ही कोपऱ्याची फुले सोपवली, तर शेवटची आणि सर्वांना दिसणारी गोष्ट त्याच्या हातून पूर्ण होईल.

बंगालच्या कांथेतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे दोरा. पूर्वी कांथेसाठी दोरा वेगळा विकत न आणता जुन्या साड्यांच्या रंगीत काठांतून तो उकलून काढत असत. एका मुलाने काठाचा वीतभर तुकडा घेऊन त्यातून एक-एक धागा ओढून पाहिला तरी कापड म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची वीण आहे हे त्याला जन्मभर विसरता येणार नाही. मात्र असे धागे कमकुवत असतात, म्हणून थर जोडण्यासाठी ते न वापरता एखादे पान किंवा मासा शिवण्यापुरतेच ठेवावेत. कांथेत आकृतीभोवती तिच्याच रेषेला धरून एकामागून एक ओळी शिवतात आणि त्यामुळे कापडावर पाण्याच्या तरंगांसारख्या बारीक सुरकुत्या उठतात. मुलांच्या कामातही सुरकुत्या पडतील. त्यांना चूक म्हणण्याची घाई करू नये. थोडी सुरकुती हा या टाक्याचा स्वभावच आहे. कापड गोळा होऊन आकसले, तरच दोरा फार ओढला गेला असे समजावे.

बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यात भुसुरा आणि आसपासच्या गावांतली सुजनी मूळची नवजात बाळासाठी, जुन्या साड्यांच्या मऊ तुकड्यांची. तिला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या स्त्रिया आज सुजनीवर स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग शिवतात. हुंडा, मुलींचे शिक्षण, निवडणूक हे सगळे त्यात येते. आकृतीची बाहेरची रेषा साखळी टाक्याने गडद रंगात आणि आतले भरण धावदोऱ्याने. चौथीच्या मुलांना साखळी टाका शिकवायला यंदा वेळ मिळणार नाही असे मला वाटते, परंतु कापडावर आपली गोष्ट सांगता येते हे त्यांना जरूर दाखवावे.

कच्छ, राजस्थान आणि सिंधमधल्या रल्लीचा मोह मात्र आवरावा. घडी घालून कात्रीने कापलेले तिचे नक्षीदार आकार मुलांना कागदावर कापायला फार आवडतात, पण कापडावर तेच आकार शिवताना प्रत्येक खाचेत कड आत वळवावी लागते. ते दहा वर्षांच्या हातांचे काम नव्हे.

एक सूचना मनापासून करते. काही मुलांना फाटके कापड शाळेत आणायला संकोच वाटेल. महाराष्ट्रातल्या मुलांना यासाठी दूरचा दाखला शोधावा लागत नाही. गाडगे महाराज (१८७६–१९५६) चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घालत आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणूनही ओळखत. त्यांचे चित्र पाहताना त्यांच्या अंगावरच्या वस्त्रातली ठिगळे मुलांना मोजायला सांगावीत.

बालवाडीताई

चौथीच्या वर्गाचा प्रश्न असल्याने थोडक्यात लिहिते. याच शाळेत बालवाडी किंवा पहिलीचा वर्ग असेल आणि त्या मुलांनाही सहभागी करून घ्यायचे असेल, तर त्यांना गोणपाटाचा तुकडा, जाड लोकर आणि बोथट प्लॅस्टिकची सुई द्यावी. गोणपाटाची वीण सैल असल्याने तिथे बोथट सुई चालते; सरांनी सांगितलेली अडचण घट्ट विणीच्या कापडाची आहे. चिंध्या निवडणे, रंगांप्रमाणे लावणे आणि फाडलेल्या तुकड्यांच्या कडेचे सुटे धागे काढणे हे काम चार-पाच वर्षांची मुले तासन्‌तास करतात. मोठ्या मुलांना खूप मदत होते.

निवृत्त हस्तकला शिक्षक

पट्ट्यांची कल्पना माझ्या चौकोनांपेक्षा चांगली आहे, हे मान्य करतो. शिवणीतला उंचवटा मी वर्षानुवर्षे पाहिला आहे आणि तो इस्त्रीने दाबत आलो आहे.

दोन दुरुस्त्या सुचवतो. एकाचा टाका संपला की दुसऱ्याने सुरू करायचा असे ठेवले, तर हळू शिवणाऱ्या मुलामागे पाच जण थांबतील, आणि एखादे मूल गैरहजर असेल तर पट्टाच अडेल. म्हणून शिंप्याच्या खडूने प्रत्येकाच्या ४० सेंटिमीटरच्या खुणा करून द्याव्यात, सर्वांनी एकाच वेळी सुरुवात करावी, आणि जो आधी पोहोचेल त्याने शेजाऱ्याच्या पहिल्या टाक्यात सुई घालून तिथे गाठ मारावी. दुसरे म्हणजे, मुलांच्या हातात पट्टा देण्यापूर्वी सगळे थर वीतभर अंतरावर कच्च्या टाक्यांनी एकत्र धरून ठेवावेत. टाचण्या लावू नयेत. सहा मुले दोन्ही बाजूंनी कापड ओढत असताना त्या कोणाला तरी टोचतातच.

डावखुऱ्या मुलांना प्रत्येक बाजूच्या टोकाला बसवावे आणि त्यांना उलट दिशेने शिवू द्यावे. धावदोरा दोन्हीकडून सारखाच दिसतो.

चौथीची वर्गशिक्षिका

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आता आठ तासिका झाल्या आहेत, म्हणून काय घडले ते कळवते.

पालकांना चिठ्ठी पाठवली आणि तुकडे त्यांनीच कापून द्यावेत असे लिहिले. सोबत एक ओळ वाढवली: हे कापड कोणाचे होते ते मुलाला सांगावे. तुकडे आले ते वर्तमानपत्रात, डब्याच्या रुमालात, एक तर आजोबांच्या खादीच्या टोपीसकट, कारण टोपी कापायची की नाही हे घरात ठरले नव्हते. टोपी मी परत पाठवली आणि त्यांच्या सदऱ्याची बाही आली. दोन मुलांकडे काहीच आले नाही. त्यांना मी माझ्या आईच्या साडीतले तुकडे दिले आणि ते कोणाचे हेही सांगितले. कोणाचे कापड हे वर्गात सांगण्याची सक्ती मी केली नाही. ज्यांना सांगायचे होते त्यांनी शिवता शिवता शेजाऱ्याला सांगितले, आणि मला त्यातले बरेचसे कानावर आले.

तळाला जुनी चादर, मध्ये धोतराचा एक थर, वर चिंध्या, असे तीन थर घेतले. खळ लावून कडा दुमडायला दोन तासिका पुरल्या नाहीत, तीन लागल्या. तुकडा लहान असला की दुमड अधिक अवघड जाते हे तेव्हा ध्यानात आले. ५ सेंटिमीटरचे तुकडे बाजूला ठेवून ८ ते १० सेंटिमीटरचेच घेतले. पहिल्या शिवणाच्या तासिकेत बहुतेकांचे टाके एक सेंटिमीटरचे न होता दीड-दोन सेंटिमीटरचे झाले. मी ते उसवायला सांगितले नाही. दुसऱ्या फेरीला तीच मुले आपोआप लहान टाके घालू लागली, त्यामुळे आता पट्ट्यावर कडेपासून आत येताना टाके बारीक होत गेलेले दिसतात.

तळवा फिरवण्याचे मी आधी करून दाखवले. पहिल्या दिवशी मुलांना त्याचे हसू आले. एका पट्ट्यावर मधोमध झोळ जमला, सहा जणांनी मिळून एक अख्खी फेरी उसवली, आणि त्यानंतर त्या गटातले एक मूल दुसऱ्यांना दर दोन मिनिटांनी “हात फिरवा” अशी आठवण करून देते. चौदा मुलगे आणि सोळा मुली यांच्या शिवणात मला काही फरक दिसला नाही. सर्वांत सरळ ओळ एका मुलाची आहे, ज्याचे वडील पोती शिवतात. आतापर्यंत पाच जणांच्या बोटांना सुई टोचली, रक्ताचा थेंबभर, आणि आकडा न जुळल्यामुळे एकदा मधल्या सुट्टीतली सात मिनिटे गेली. सुई एकीच्या बाहीत अडकलेली होती.

पाचपैकी तीन पट्ट्यांच्या चार फेऱ्या झाल्या आहेत. कोपऱ्यांसाठी चार फुले लागतील, पण ती करायला अकरा जण तयार आहेत. चारऐवजी अकरा फुले लावली तर चालेल का, असे वर्गाने तुम्हाला विचारायला सांगितले आहे. गेल्या वर्षी मला प्रश्न विचारणारी मुलगी आता पाचवीत आहे. ती मधल्या सुट्टीत येऊन दारातून पाहत होती. मी तिला आत बोलावून एक सुई दिली, आणि तिने आजीसारखे चार टाके एकदम सुईवर घेतले.

वाकळवालीची लेक

आईला विचारले. ती म्हणाली की कोपऱ्यांवर चार लावा आणि उरलेली सात कडेने, पण प्रत्येक फूल खालपर्यंत शिवा, नुसते वर टाचू नका.